सीडीवरील आवाज संगणकात उतरवताना : वेग आणि अचूकता

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांचा आढावा घेताना वास्तू आठवतात, देणगीदारांची नावे आठवतात, जुनी छायाचित्रेही शोधून काढली जातात. आवाज मात्र सहसा कोणाच्या हिशेबात नसतो. डोळखांब आणि भोवतालच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यातील घरांत सुमारे १९९५ ते २०१० या काळातले जे आवाज शिल्लक आहेत, ते बहुतांशी एकाच ठिकाणी सापडतील : कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या पंचांगांच्या शेजारी ठेवलेल्या सीडींच्या चवडीत. चातुर्मासातील प्रवचने, पर्युषणातील स्तवने, प्रतिक्रमणाचा पाठ, एखाद्या पारण्याच्या दिवशी घरातील आजीने म्हटलेले गीत. यांतील काही सीडी बाजारातून विकत घेतलेल्या आहेत. त्या हरवल्या तरी दुसरीकडे मिळू शकतील. परंतु काही सीडी अशा आहेत की, मूळ ध्वनिमुद्रण टेपरेकॉर्डरवर झाले, नंतर तालुक्याच्या किंवा कल्याणच्या एखाद्या दुकानातून ते सीडीवर उतरवून घेतले गेले आणि ती कॅसेट पुढे कुठे गेली हे कोणालाच ठाऊक नाही. अशा सीडीची दुसरी प्रत जगात नसते. प्रस्तुत विवेचन मुख्यतः तिच्यासाठी आहे.

आज नव्या लॅपटॉपला सीडीची खाच राहिलेली नाही, नव्या मोटारीतही नाही. त्यामुळे घरातील तरुण मंडळी म्हणतात, ‘एका रविवारी बसू, सगळ्या सीडी संगणकात ओतू आणि ही अडगळ काढून टाकू.’ हेतू उत्तमच आहे. अडचण शेवटच्या तीन शब्दांत आहे. प्रत उतरवून झाली की मूळ सीडी भंगारात जाते आणि उतरवताना जी चूक झाली असेल ती कायमची होऊन बसते. म्हणून किती घाई करावी आणि किती सबुरी ठेवावी, हा प्रश्न केवळ संगणकाच्या हौशी मंडळींचा राहत नाही.

प्रथम हे पाहू, की सीडीवर असते तरी काय. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ही तबकडी सिद्ध केली आणि १९८२ साली ती बाजारात आली. तिच्यावर आवाज हा आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजायची, डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंची, आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचे. या हिशेबाने एका सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. ७४ मिनिटांच्या एका सीडीत सुमारे ७८ कोटी ३२ लाख बाइट भरतात. हे सारे १.६ मायक्रॉन अंतराने वळत जाणाऱ्या एका सर्पिलाकार रेषेवर, आतून बाहेर, सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. ती रेषा उलगडली तर तिची लांबी पाच किलोमीटरहून अधिक भरेल.

एवढ्या लांब रेषेवर धूळ बसणार, ओरखडा पडणार, हे निर्मात्यांना अर्थातच ठाऊक होते. म्हणून १९६० साली अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेल्या पद्धतीचा त्यांनी आधार घेतला. मूळ आकड्यांबरोबर काही पडताळ्याचे आकडे लिहून ठेवायचे आणि सर्व आकडे दूर दूर विखरून ठेवायचे, म्हणजे एका जागी ओरखडा पडला तरी शेजारच्या आकड्यांवरून हरवलेला आकडा परत काढता येतो. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचे सलग नुकसान या रीतीने पूर्ण भरून निघते. एकही बिट कमी होत नाही.

येथपर्यंत सारे ठीक आहे. खरी गोम पुढे आहे. नुकसान त्याहून मोठे असले तर सीडी वाजवणारे यंत्र थांबत नाही आणि तक्रारही करत नाही. मागचा आकडा आणि पुढचा आकडा पाहून मधला आकडा ते अंदाजाने भरते. तेही जमले नाही तर क्षणभर आवाज बंद करते. ऐकणाऱ्याच्या रसभंगाला आवर घालणारी ही सोय दिवाणखान्यात चांगली आहे. पण प्रत उतरवताना हीच सोय घातक ठरते, कारण अंदाजाने भरलेला आकडा खऱ्या आकड्याच्या शेजारी निमूटपणे जाऊन बसतो. संगणकाच्या फाइली ठेवण्याच्या सीडीत असे होत नाही. तेथे प्रत्येक २,३५२ बाइटांच्या कप्प्यात २,०४८ बाइटच मजकुराला दिलेले असतात, उरलेल्या जागेत कप्प्याचा पत्ता आणि दुरुस्तीची आणखी एक पायरी असते. त्यामुळे फाइल एक तर बरोबर उतरते, नाही तर संगणक स्पष्ट सांगतो की वाचता येत नाही. आवाजाच्या सीडीत ते पूर्णच्या पूर्ण २,३५२ बाइट आवाजालाच दिलेले आहेत. एका सेकंदाला असे ७५ कप्पे. कप्प्यावर नेमका पत्ता नाही, तिसरी दुरुस्ती नाही.

पत्ता नसण्याचा परिणामही ध्यानात घेतला पाहिजे. संगणक सीडीतला थोडा भाग वाचतो, तो साठवण्यासाठी थबकतो आणि पुन्हा वाचायला जातो. जुन्या ड्राइव्हना मागचे वाचन नेमके कोठे संपले ते सापडत नसे. मग काही मापे गळत, किंवा काही मापे दोनदा येत. ऐकताना तेथे ‘टिक’ असा बारीक आवाज होतो. प्रतिक्रमणात ज्ञानाच्या ज्या अतिचारांचे स्मरण केले जाते, त्यांत सूत्र म्हणताना अक्षर गाळणे, अधिक अक्षर घालणे आणि क्रम उलटसुलट करणे हे दोष वेगवेगळे मोजले आहेत. शतकानुशतके मुखपाठाने आणि नंतर हस्तलिखितांनी परंपरा सांभाळणाऱ्या लोकांना प्रत करताना चूक कोणकोणत्या वाटांनी शिरते, याची किती बारकाईने जाण होती, हे त्यावरून कळते. सीडीच्या प्रतीतील दोषही नेमके याच जातीचे आहेत.

आता वेगाकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी आहे की सीडी जितकी सावकाश उतरवावी तितका आवाज चांगला येतो. ही समजूत कॅसेटच्या काळातून आलेली आहे. दोन कॅसेटींच्या टेपरेकॉर्डरवर दुप्पट वेगाने प्रत काढली की आवाजातली धार बोथट होत असे, हे ज्यांनी केले आहे त्यांना आठवत असेल. त्याही आधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत तर वेगावर सारेच अवलंबून असे. फिरकीचा वेग थोडा चुकला की गायकाची पट्टीच बदलायची. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेसारख्या संग्राहकांच्या वर्तुळात हा विषय आजही जिव्हाळ्याचा आहे. सीडीचे मात्र तसे नाही. सीडीवर आकडे आहेत. आकडा बरोबर वाचला गेला तर तो एकपट वेगात वाचला काय आणि चाळीसपट वेगात वाचला काय, आकडा तोच राहतो. स्वच्छ, सपाट, निर्दोष सीडी वेगाने उतरवली म्हणून तिच्या आवाजात तिळमात्र फरक पडत नाही.

मग सावकाशीचा उपयोग कोठे? सदोष सीडीत. एकपट वेगात सीडी मिनिटाला साधारण २०० ते ५०० फेरे घेते. ‘५२ एक्स’ लिहिलेल्या ड्राइव्हमध्ये तीच सीडी मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. अशा वेगात किरणाला ती केसाहून बारीक रेषा धरून ठेवायची असते. सीडी किंचित वाकडी असेल, तिचे भोक मध्यावर नसेल, तर ती थरथरते आणि रेषा सुटते. आपल्याकडे यात एक खास भर पडली होती. प्रवचनांच्या सीडींवर कागदाचे गोल छापील लेबल चिकटवण्याची मोठी हौस होती. ते लेबल एका बाजूला जरी सरकले किंवा दमट हवेने फुगले, तरी सीडीचा तोल जातो. अशी सीडी पूर्ण वेगात घातल्यावर ड्राइव्हमधून जो घरघराट येतो, तो पुष्कळांनी ऐकला असेल. तिथे चारपट किंवा आठपट वेग ठेवला तर ती निमूट वाचली जाते. उलट, अगदी एकपट वेगाचा हट्टही धरू नये. काही नवे ड्राइव्ह फार कमी वेगात अधिक चांगले वाचतातच असे नाही, आणि काही तर तो वेग स्वीकारतही नाहीत. मध्यभागी तडा गेलेली सीडी मात्र वेगवान ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नये. ती आत फुटून तुकडे होऊ शकते.

ड्राइव्हवर लिहिलेला आकडा फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेचा असतो, हेही येथेच सांगितलेले बरे. आतल्या भागात वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून चाळीसपटीचा ड्राइव्ह तासाभराची सीडी दीड मिनिटात संपवत नाही; घाईच्या पद्धतीनेही दोन-तीन मिनिटे किंवा अधिक लागतात.

घाईची पद्धत म्हणजे प्रत्येक भाग एकदाच वाचायचा, ड्राइव्हने जे दिले ते खरे मानायचे. दुसरी पद्धत पडताळ्याची. तिच्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन प्रणाली पुढे आल्या : लिनक्सवरची ‘सीडी-पॅरानोइया’ आणि विंडोजवरची, जर्मनीतील आंद्रे विथॉफ यांनी लिहिलेली ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’. त्या प्रत्येक भाग किमान दोनदा वाचतात. दोन्ही वाचने जुळली तर पुढे जातात. नाही जुळली तर तोच भाग पुन्हा पुन्हा, प्रसंगी ऐंशीहून अधिक वेळा वाचून, बहुमताने निर्णय करतात आणि तरीही शंका उरली तर ती जागा मिनिट-सेकंदासह नोंदवून ठेवतात. चांगली सीडी या पद्धतीने साधारण दहा-पंधरा मिनिटांत उतरते. खराब सीडी तासन् तास घेते. ज्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन रोजचे होते, त्या काळात वीज असेपर्यंत काम उरकण्याच्या धडपडीत लोकांनी घाईची पद्धत निवडली असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. आज ती सबब पुष्कळ अंशी उरलेली नाही.

दुकानदाराला ही पद्धत नवीन वाटू नये. रात्री रोकड मिळवताना बेरीज वरून खाली करायची, मग खालून वर करायची. दोन्ही जुळल्या की वही मिटायची. परंतु येथे एक सावधगिरी हवी. तोच माणूस तीच चूक दोनदा करू शकतो. ड्राइव्हच्या पोटात थोडी स्मरणजागा असते. दुसऱ्यांदा विचारले की पुष्कळ ड्राइव्ह सीडी न वाचताच, मघाचेच उत्तर स्मरणातून काढून देतात. मग दोन्ही वाचने जुळणारच! चांगल्या प्रणाली ही स्मरणजागा आधी रिकामी करायला लावतात. ती सोय चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासावे.

पडताळ्याचे साधन म्हणजे एक छोटासा संकेतांक. संपूर्ण गीतातील सर्व आकड्यांवर एक गणिती क्रिया करून आठ अक्षरांचा हा अंक काढला जातो. आकड्यांत एका बिटाचाही फरक झाला तर अंक बदलतो. दोन वेगळ्या प्रतींचा अंक योगायोगाने एकच येण्याची शक्यता ४२९ कोटींत एक. जैन ग्रंथभांडारांत वावरलेल्यांना येथे ‘ग्रंथाग्र’ आठवेल. लहिया प्रत पूर्ण झाल्यावर शेवटी लिहून ठेवी की, बत्तीस अक्षरांचा एक श्लोक या मापाने हा ग्रंथ इतक्या श्लोकांचा आहे. मजुरीचा हिशेब त्यावर होई, आणि पाने गळली की ओळी गळल्या तेही त्यावरून कळे. पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्राला ‘बारसा सूत्र’ हे नाव अशाच सुमारे बाराशेच्या मापावरून पडले आहे. ग्रंथाग्रात एक उणीव होती : एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर पडले तर संख्या तीच राही. संगणकाचा अंक तीही चूक पकडतो.

विकत मिळालेल्या, कारखान्यात छापलेल्या सीडींसाठी आणखी एक सोय आहे. तिचे नाव ‘ॲक्युरेटरिप’. जगभरातील लोकांनी तीच सीडी आपापल्या ड्राइव्हवर उतरवून काढलेले अंक एका ठिकाणी साठवलेले आहेत. आपला अंक त्यांतील दहा-वीस जणांशी जुळला तर प्रत निर्दोष आहे, असे निःशंकपणे म्हणता येते, मग ती कितीही वेगाने उतरवलेली असो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतील १,२५९ हस्तलिखिते पडताळली गेली. त्या कामाचे मर्म हेच होते की, एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रती जेथे एकवाक्यता दाखवतात तेथे पाठ विश्वसनीय. एकाच चुकलेल्या प्रतीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या एकमेकींशी जुळल्या, तरी त्या दहा साक्षी ठरत नाहीत, एकच ठरते. एकाच ड्राइव्हवरच्या दोन वाचनांचेही तसेच आहे. म्हणून हट्टी सीडीसाठी दुसरा ड्राइव्ह, शक्यतो वेगळ्या कंपनीचा, शेजाऱ्याकडून मागून आणावा. एका ड्राइव्हला न दिसलेले दुसऱ्याला स्वच्छ दिसते, असे वारंवार घडते.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. सर्व सीडी सावकाश उतरवत बसण्यात अर्थ नाही. वीस सीडींना पाच तास लागले की सहाव्या तासाला उत्साह मावळतो आणि उरलेल्या तशाच राहतात. छापील सीडी आधी वेगाने उतरवाव्यात आणि अंक जुळवून पाहावा. जुळला की ती बाजूला. न जुळलेल्या तेवढ्या पडताळ्याच्या पद्धतीला लावाव्यात. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या सीडी जगात एकट्याच असल्यामुळे त्यांचा अंक कोणाकडेच मिळणार नाही. त्यांना पहिल्यापासूनच मध्यम वेग आणि दोन वेळा वाचन, हाच नियम.

या घरगुती सीडींची प्रकृतीही निराळी असते. छापील सीडीत खळगे प्लास्टिकात ठसवलेले असतात. लिहिलेल्या सीडीत खळगे नसतातच. एका रंगाच्या थरावर किरणाने उमटवलेले डाग असतात. तो रंग ऊन आणि उष्णता यांनी फिका पडतो. दुकानाच्या काउंटरवर उन्हात राहिलेली सीडी आणि ट्रंकेत राहिलेली सीडी एकाच दिवशी लिहिलेल्या असल्या तरी आज त्यांत मोठा फरक असेल. आपल्या भागातील पावसाळाही त्यांना मानवत नाही. मध्य अमेरिकेतील बेलिझ या उष्ण आणि दमट देशातल्या एका सीडीचा थर बुरशीने खाल्ल्याचे स्पॅनिश शास्त्रज्ञांनी २००१ साली नोंदवले होते. येथे इतके झाले नसेल. पण कडेने आत सरकणारा डाग किंवा उजेडात धरल्यावर दिसणारी टाचणीएवढी भोके आढळली, तर ती सीडी रांगेत सर्वांत पुढे घ्यावी.

पुष्कळजण सीडीची चकचकीत बाजू जपतात आणि वरची बाजू टेबलावर घासतात. वस्तुतः उलट हवे. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक आहे. त्यावरचा ओरखडा पुसून, घासून काही अंशी सुधारतो. आवाजाचा थर वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूच्या अगदी लगत असतो. तेथे बॉलपेनने नाव लिहिले की कायमची इजा. कागदी लेबल सोलून काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. लेबलाबरोबर थरही निघून येतो. पुसताना मऊ सुती कापड मध्यातून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. गोल ओरखडा रेषेच्या दिशेने जातो आणि दुरुस्तीच्या गणिताला तोच सर्वांत जड जातो.

उतरवलेली प्रत कोणत्या स्वरूपात ठेवावी, याविषयी थोडक्यात एवढेच. मूळ प्रत ‘फ्लॅक’ या २००१ पासून उपलब्ध असलेल्या स्वरूपात ठेवावी. ती साधारण निम्मी जागा घेते आणि एकही आकडा टाकत नाही. भ्रमणध्वनीवर पाठवण्यासाठी तिच्यावरून ‘एमपी३’ करावी. आधी एमपी३ करून सीडी टाकून देणे म्हणजे इतकी मेहनत करून पुन्हा अक्षरे गाळणेच. विकत घेतलेल्या सीडीची प्रत स्वतःच्या उपयोगासाठी असावी, गटागटांत वाटण्यासाठी नव्हे, हेही ओघाने आलेच.

शेवटी राहतात त्या न जुळणाऱ्या सीडी. सगळे उपाय करूनही दोन-चार जागी शंका उरते. अशा वेळी प्रणालीने नोंदवलेली वेळ पाहून तेवढीच जागा कानांनी ऐकावी. प्रवचनातील दोन वाक्यांमधल्या शांततेत ती ‘टिक’ पडली असेल तर चिंतेचे कारण नाही. शब्दावर पडली असेल, तर ज्यांनी ते प्रवचन प्रत्यक्ष ऐकले त्या ज्येष्ठांना बोलावून, तो शब्द कोणता होता हे लिहून घ्यावे आणि तो कागद, नोंदीची फाइल आणि मूळ सीडी एकत्र ठेवावी. ही सीडी भंगारात देऊ नये. जाड कागदाच्या पाकिटात, उभी, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी, आणि पाकिटावर, सीडीवर नव्हे, पेन्सिलीने शंकित जागा लिहून ठेवाव्यात : तिसरे गीत, चार मिनिटे बारा सेकंद.